गावरान विकायचे, पिंजऱ्यातले खायचे

कळमनुरी किंवा सेनगावच्या आठवडी बाजारात सकाळी लवकर पोहोचले तर एक व्यवहार हमखास दिसतो. टोपलीत कोंड्यावर मांडलेली पंधरा-वीस गावरान अंडी घेऊन एखादी बाई बसलेली असते. भाव साधारण बारा ते पंधरा रुपये नग, थंडीत थोडा चढा. उन्ह चढेपर्यंत टोपली रिकामी होते. घेणारे बहुधा शहरातून मोटारसायकलवर आलेले, घरात बाळंतीण असलेले, नाहीतर ‘गावरानच पाहिजे’ असा हट्ट असलेले. टोपली रिकामी झाली की ती बाई तेल, मीठ, चहापत्ती घेते. घरात लेकरू तापातून उठलेले असेल तर किराणा दुकानातून दोन पांढरी अंडीही घेते, सात-सात रुपयांची. आपल्या परसात, मोकळ्या हवेत हिंडणाऱ्या कोंबडीचे अंडे ती शहराला विकते आणि शेकडो किलोमीटर लांबच्या पिंजऱ्यातल्या कोंबडीचे अंडे आपल्या मुलाला खाऊ घालते.

या पांढऱ्या अंड्याला आपल्याकडे सर्रास ‘बॉयलरचे अंडे’ म्हणतात. ते चूक आहे. ब्रॉयलर हा मांसाचा पक्षी, तो सहा आठवड्यांच्या आतबाहेर कापला जातो. पांढरे अंडे देणारी कोंबडी वेगळी. तिला लेअर म्हणतात आणि ती दीड वर्षाच्या आसपास जगते. त्यातला बहुतेक काळ ती तारेच्या पिंजऱ्यात असते. ‘केज-फ्री’ म्हणजे पिंजरामुक्त अंड्याचा जो आग्रह मोठ्या शहरांत, तारांकित हॉटेलांत आणि परदेशी खाद्यकंपन्यांच्या जाहीरनाम्यांत वाढतो आहे, तो या कोंबडीसाठी आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा विषय काढला की पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते: माणसाच्या लेकराला अंडे मिळेना आणि चालले कोंबडीच्या जागेचा विचार करायला. हे हसणे समजण्याजोगे आहे. पण कोंबडीचे हाल आणि लेकराची भूक यांतले एकच खरे मानावे, अशी सक्ती कोणी केलेली नाही.

आधी पिंजऱ्याचे बघू. बॅटरी पिंजरा नावाच्या या व्यवस्थेत उतरत्या तारेच्या तळावर चार ते आठ कोंबड्या एकत्र असतात. समोर खाद्याची पन्हाळ, वर पाण्याची नळी, अंडे पडले की घरंगळत बाहेर. केंद्र सरकारने २०१९ मध्ये अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी नियमांचा जो मसुदा काढला, त्यात प्रत्येक पक्ष्याला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा सुचवली होती. कार्यालयात वापरतात तो ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे सुधारणा म्हणून जी जागा सुचवली, तीसुद्धा एका कागदाहून लहान. त्याहून कमी जागेत पक्षी ठेवणारे फार्म देशात आहेतच. एवढ्या जागेत कोंबडीला पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही, अंडे घालायला आडोसा शोधता येत नाही. परसातली कोंबडी अंडे घालायची वेळ झाली की कशी अस्वस्थ होऊन कोपरे धुंडाळते, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. ती ओढ पिंजऱ्यातल्या पक्ष्यालाही असते. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढवूनही ती गेलेली नाही.

कायदा याबाबत मुका नाही. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ मध्ये, हालचालीला वाजवी वाव नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? किमान दहा रुपये, कमाल पन्नास. आजच्या भावाने सात पांढरी अंडी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लिकट्टूच्या खटल्यात प्राण्यांच्या ‘पाच स्वातंत्र्यां’ना मान्यता दिली. विधी आयोगाने २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात अंड्याच्या आणि मांसाच्या कोंबड्यांच्या स्थितीचाच विचार केला. कागद भरपूर आहेत. युरोपीय संघाने मात्र १९९९ मध्ये निर्णय घेऊन १ जानेवारी २०१२ पासून साधे बॅटरी पिंजरे बंद केले. मध्ये उद्योगाला बारा वर्षांची मुदत होती, हे लक्षात ठेवण्याजोगे. तिथे अंड्यावर छापलेल्या आकड्याचा पहिला अंक ते कसे तयार झाले हे सांगतो. ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे मोकळ्या आवारातले, २ म्हणजे पिंजरा नसलेल्या बंदिस्त शेडमधले, ३ म्हणजे पिंजऱ्यातले, तेही आता मोठ्या आणि सुधारित.

वैद्यकीय नजरेने पाहिले तर या कोंबडीची सगळ्यात मोठी तक्रार हाडांची आहे. संकरित लेअर कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. आपली गावरान साठ-ऐंशी. एका अंड्याच्या कवचात जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. तीनशे अंड्यांचे सहाशे ग्रॅम झाले. कोंबडीच्या सबंध सांगाड्यात कॅल्शियम असते वीस-पंचवीस ग्रॅम. म्हणजे आपल्या सांगाड्याच्या पंचवीस-तीस पट कॅल्शियम ती एका वर्षात अंड्यांतून बाहेर टाकते. खाद्यातून शिंपल्याचा चुरा कितीही दिला तरी काही भाग हाडांतून ओढला जातो आणि हाडे ठिसूळ होतात. त्यात हालचाल नाही. पलंगाला खिळलेल्या रुग्णाची हाडे वापराविना झिजतात, तसेच इथे होते. ‘केज लेअर फटीग’ हा आजार पशुवैद्यकांना १९५० च्या दशकापासून माहीत आहे: पक्षी पायांवर उभाच राहू शकत नाही, एका कुशीवर पडतो आणि खाद्याच्या पन्हाळीपर्यंत पोहोचता न आल्याने मरतो. चार-पाच बाळंतपणे पाठोपाठ झालेली, उन्हातान्हात राबणारी आणि दूध-डाळीपासून वंचित असलेली बाई पन्नाशीतच कमरेतून वाकते. त्यामागचे शरीरशास्त्र फार वेगळे नाही.

पण पिंजरा काढला की दुखणे संपले, असे समजणेही भाबडेपणाचे आहे. पिंजरामुक्त शेडमध्ये हजारो कोंबड्या एकत्र असतात, उंच मांडण्यांवर उड्या मारतात, पडतात. छातीचे हाड मोडण्याचे प्रमाण अशा शेडमध्येही मोठे आढळते, काही प्रकारच्या मांडणीत तर पिंजऱ्याहून जास्त. एकमेकींना टोचून जखमी करणे, एखादीला टोचून टोचून मारणे हेही तिथे होते आणि ते टाळण्यासाठी चोची कापल्या जातात. व्यवस्थापन चांगले असेल तर हे आटोक्यात राहते, वाईट असेल तर पिंजरा बरा म्हणायची वेळ येते. आणखी एक गोष्ट महागड्या खोक्यावर कधी छापलेली नसते. लेअर जातीचे नर पिल्लू अंडी देत नाही आणि मांसालाही परवडत नाही, म्हणून ते हॅचरीत पहिल्याच दिवशी मारले जाते. पिंजरामुक्त फार्मची कोंबडीही बहुधा त्याच हॅचरीतून आलेली असते. जर्मनीने २०२२ पासून ही पद्धत बंद केली. आपल्या खेड्यात हा प्रश्नच नाही. गावरान कोंबडा वाढतो, जत्रेला किंवा पाहुण्यांना लागतो, बाजारात कोंबडीपेक्षा चढ्या भावाने जातो.

परसातल्या कोंबडीचे आयुष्य तरी सुखाचे असते का? दिवसभर उकिरडा उकरणे, किडे-गवत खाणे, झाडावर नाहीतर खुराड्यात झोपणे, खुडूक होऊन पिल्ले काढणे, हे सगळे तिला मिळते. पिंजऱ्यातल्या कोंबडीला जे नाही ते जवळपास सर्व. पण डालग्याखालून सुटलेली पिल्ले मुंगसाच्या, मांजराच्या, घारीच्या तोंडी जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी मानमोडी आली की गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या आठवड्यात संपतात. मानमोडी म्हणजे राणीखेत, विषाणूचा आजार. माना वाकड्या होतात, हिरवी हगवण लागते आणि पक्षी पटापट मरतात. याची लस आहे, स्वस्त आहे, जुनी आहे. अडचण वेगळीच आहे. कुपीत शंभर-दोनशे किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्या असलेल्या घरासाठी ती कोण उघडणार? सगळ्या वस्तीतल्या कोंबड्या एकाच संध्याकाळी, त्या खुराड्यात शिरल्यावर, टोचायच्या असे ठरले तरच हे जमते. ‘उमेद’च्या बचतगटांतून तयार झालेल्या पशुसखी जिथे हे काम करतात तिथे ते जमलेही आहे. पिंजरामुक्त अंड्यासाठी आपल्या जिल्ह्यात जी एकच गोष्ट उद्यापासून करता येईल, ती कदाचित हीच: एक थर्मास, बर्फ आणि संध्याकाळची दोन तासांची फेरी.

आता अंड्यातल्या पोषणाकडे. ‘गावरान अंड्यात ताकद जास्त’ हा समज इतका पक्का आहे की बाळंतिणीसाठी घरातले चांदीचे पैंजण गहाण टाकावेत पण पांढरे अंडे देऊ नये, असे मानणाऱ्या सासवा आजही आहेत. सुमारे पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिने, सत्तरेक उष्मांक, जीवनसत्त्व अ, ड, बी-१२ आणि मेंदूच्या वाढीला लागणारे कोलीन असते. प्रथिनांच्या दर्जात अंड्याची बरोबरी करणारे पदार्थ थोडे. कोंबडी कुठे राहते यावर यातले फार थोडे बदलते. ती काय खाते यावर काही गोष्टी बदलतात. हिरवे, किडे, ऊन मिळणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात जीवनसत्त्व ड आणि ओमेगा-३ स्निग्धाम्ले थोडी जास्त सापडतात. बलक केशरी दिसतो तो गवतातल्या आणि मक्यातल्या रंगद्रव्यामुळे. तोच रंग फार्मवर झेंडूचा अर्क खाद्यात मिसळूनही आणता येतो. कवचाचा तपकिरी रंग तर केवळ जातीचा, त्याचा पोषणाशी काडीचा संबंध नाही. उलट गावरान अंडे आकाराने लहान असते. वजनाला वजन लावले तर पंधरा रुपयांच्या गावरान अंड्यापेक्षा चौदा रुपयांची दोन पांढरी अंडी मुलाला दुपटीहून जास्त प्रथिने देतात. बाजारातली ती बाई जो हिशेब करते, तो आहारशास्त्राच्या कसोटीवर बरोबर आहे.

आणखी दोन बाबी स्पष्ट असाव्यात. मोकळ्या कोंबडीचे अंडे आपोआप ‘शुद्ध’ होत नाही. कचरा जाळल्या जाणाऱ्या, रसायने किंवा जुन्या बॅटऱ्या फेकल्या जाणाऱ्या जागेवर चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत डायॉक्सिन आणि शिसे जास्त सापडल्याचे अभ्यास अनेक देशांत झाले आहेत. दुसरी बाब रक्तक्षयाची. मुलीला रक्त कमी आहे, म्हणून रोज अंडे द्या, असा सल्ला सरसकट दिला जातो. अंडे चांगलेच, पण त्यातले लोह थोडे आणि तेही नीट शोषले जात नाही. रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या, जंताचे औषध, पालेभाजीसोबत लिंबू हे सोडून अंड्यावर विसंबू नये.

लेकरांच्या वाढीचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, ३६.१ टक्के कमी वजनाची आणि सहा महिने ते पाच वर्षे वयातली ६८.९ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. राज्याचे हे आकडे पुण्या-मुंबईसह आहेत, हे ध्यानात घ्यावे. इक्वाडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे देण्याचा प्रयोग झाला. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत खुजेपण ४७ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. जगभर त्याचा गाजावाजा झाला. दोनच वर्षांनी मलावीतल्या तशाच प्रयोगात उंचीवर फरक पडला नाही. तिथली बाळे आधीच मासे खात होती, हे त्याचे एक संभाव्य कारण. अर्थ असा की ज्या ताटात प्राणिज प्रथिन मुळातच नाही तिथे अंड्याचा उपयोग सर्वांत जास्त. सेनगावच्या एखाद्या तांड्यावरच्या मुलाचे ताट इक्वाडोरच्या बाजूचे आहे की मलावीच्या, हे सांगायला तज्ज्ञ समिती नको. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी वरण. दूध चहापुरते.

म्हणून भावाचा प्रश्न हा नैतिकतेच्या बाहेरचा नाही, तो तिच्या आतलाच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने माणशी वर्षाला १८० अंडी सुचवली आहेत. देशात २०२३-२४ मध्ये माणशी उपलब्धता १०३ होती. १९५०-५१ मध्ये ती पाच होती. पाचावरून शंभरीपार झालेली ही झेप पिंजऱ्याने घडवली, हे कबूल करायला हवे. पुण्यात वाढलेला हॅचरी उद्योग, १९८२ मध्ये उभी राहिलेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आणि तिने रोज जाहीर केलेला भाव यांनी अंडे गरिबाच्या आवाक्यात आणले. आता साधा हिशेब. पाच माणसांच्या घराने १८० च्या मापाने अंडी खाल्ली तर वर्षाला ९०० अंडी. सात रुपयांनी ६,३०० रुपये, पंधरा रुपयांनी १३,५००. रोजगार हमीची मजुरी राज्यात २०२५-२६ साठी रोज ३१२ रुपये होती. पहिल्या खर्चासाठी वीस दिवसांची मजुरी लागेल, दुसऱ्यासाठी त्रेचाळीस. वर्षातून ठरावीक दिवसांचीच हमी असलेल्या कामातले त्रेचाळीस दिवस नुसत्या अंड्यांसाठी कोणी देणार नाही. देऊही नये.

पिंजरा काढल्याने अंडे खरोखर दुप्पट महाग होते का? युरोपातल्या हिशेबांत शेडमधल्या पिंजरामुक्त अंड्याचा उत्पादनखर्च पिंजऱ्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने जास्त निघतो: थोडे जास्त खाद्य, जास्त मजुरी, थोडी फुटलेली अंडी, जास्त जागा. आपल्याकडे शहरी दुकानात पिंजरामुक्त म्हणून सहा अंड्यांचे खोके दुप्पट-अडीचपट भावाने मिळते. त्यातला मोठा भाग खोक्याचा, नावाचा आणि छोट्या उत्पादनाचा आहे. ग्राहक तो भाव देतो तो कोंबडीसाठी, पण जातो भलतीकडेच. शिवाय युरोपासारखा अंड्यावर छापलेला आकडा इथल्या ग्राहकाच्या हाती नाही. खोक्यावरच्या हिरव्यागार कुरणाच्या चित्रावर भरवसा ठेवायचा.

अंड्याचा खर्च मुळात ठरतो खाद्यावर, कारण साठ-सत्तर टक्के खर्च मका आणि सोयापेंडीचा. इथे हिंगोलीचा संबंध थेट येतो. हळदीबरोबर सोयाबीन हे या जिल्ह्याचे नगदी पीक. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पोल्ट्री उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, तेव्हा चढलेले सोयाबीनचे भाव काढणीच्या तोंडावर उतरले आणि मराठवाड्यातला शेतकरी संतापला. अंडे स्वस्त राहते त्यामागे पिंजऱ्यातली कोंबडी असते आणि हमीभावाखाली विकलेले सोयाबीनही असते. या दोघांचा विचार न करता ‘अंडी स्वस्त असावीत’ म्हणणे सोपे आहे.

मग वाढीव खर्च कोणी सोसायचा? ज्याला परवडतो त्याने. नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे इथली हॉटेले, लग्नाचे कार्यक्रम करणारे केटरर, वीस रुपयांचे ऑम्लेट शंभर रुपयांना विकणारे कॅफे यांनी पिंजरामुक्त अंडे घ्यावे, आणि ते खरोखर पिंजरामुक्त आहे याचा दाखलाही मागावा. गरीब घराने घेतलेल्या सात रुपयांच्या अंड्यावर कोणाही नीतिवाद्याने बोट ठेवू नये. आणि जे घर माळकरी आहे, त्याने अंडे मुळीच न खाण्याचा घेतलेला निर्णयही तितकाच आदराचा. नर्सी नामदेवचा हा जिल्हा आहे, इथे अशी घरे पुष्कळ. त्या घरातल्या मुलाला डाळ, दूध, शेंगदाणे पुरेसे मिळतात की नाही एवढेच पाहायचे. वाद तेव्हा बिघडतो, जेव्हा न खाणाऱ्याची श्रद्धा खाणाऱ्या मुलाच्या ताटातून अंडे काढून घेते.

तसे घडले आहे, कारण मात्र पैशाचे सांगितले गेले. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यांना केळे, असा निर्णय राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. अंड्याला दर दिला पाच रुपये. थंडीत, म्हणजे अंड्याचा भाव सर्वांत चढा असतो तेव्हा, पिंजऱ्यातलेही अंडे किरकोळीत पाच रुपयांना मिळत नव्हते. वरचे पैसे कोणी घालायचे हे मुख्याध्यापकांवर सोडलेले. आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा निधीच बंद केला. ज्या शाळांना अंडा पुलाव द्यायचा असेल त्यांनी लोकसहभागातून द्यावा, असे आदेशात म्हटले. वाचणारी रक्कम वर्षाला सुमारे ५० कोटी असल्याच्या बातम्या होत्या. तमिळनाडूत शाळेच्या ताटात आठवड्याचे पाचही दिवस अंडे असते. तिथेही ते नामक्कलच्या पिंजऱ्यांतूनच येते, हे खरे.

दुसऱ्या बाजूला, जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने सांगितले की महाराष्ट्राची रोजची अंड्यांची गरज सव्वादोन कोटींहून अधिक आणि उत्पादन एक ते सव्वा कोटी. रोज कोटभर अंडी तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडूतून येतात. त्यावरचा उपाय म्हणून प्रत्येक जिल्ह्यात पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या आणि एक हजार पिंजरे सवलतीच्या दरात देण्याची योजना मांडली गेली. केंद्राचा एक मसुदा पिंजरा मोठा करा म्हणतो, राज्याचा दुसरा कागद पिंजरे वाटू म्हणतो. ज्या बाईकडे परस आहे, उकिरडा आहे आणि कोंबड्या पाळण्याचे पिढीजात ज्ञान आहे, तिला सरकारी अनुदानातून मिळणार काय, तर पिंजरा. पशुसंवर्धन खात्याकडे वनराज, ग्रामप्रिया, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती आहेत. परसात हिंडूनही त्या गावरानपेक्षा बऱ्याच जास्त अंडी देतात. पिंजऱ्यांवर जाणारा पैसा त्यांच्या वाढवलेल्या पिल्लांवर, मुंगूस शिरणार नाही अशा जाळीच्या खुराड्यावर आणि मानमोडीच्या लशीवर घातला तर तोच घरोघरी पोहोचेल.

यावर हमखास येणारा आक्षेप बर्ड फ्लूचा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये तर शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे आठशे कोंबड्या मेल्या आणि तपासणीत हाच आजार निघाला. परिसरातले हजारो पक्षी मारावे लागले. मोकळ्या कोंबडीचा वन्य पक्ष्यांशी संबंध येतो, हे खरे. पण एकदा विषाणू आत शिरला की हजारो एकसारखे पक्षी एका छताखाली असणे हेच त्याचे सर्वांत मोठे भांडवल. नवापूर हे पोल्ट्री फार्मांचे केंद्र होते, परसांचे नव्हे. अमेरिकेत पिंजरे आणि शेड दोन्हींतल्या कोट्यवधी कोंबड्या या आजाराने गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये तिथे डझनभर अंड्यांचा सरासरी भाव सहा डॉलरच्या वर पोहोचला. खेड्यात धोका कमी करण्याचे मार्ग साधे आहेत. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकू नये, कापून खाऊ नये, पुरून टाकावी. चार-पाच पक्षी एकदम मेले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे. कोंबड्या मारल्या तर भरपाई मिळते, पण ती आजार कळवणाऱ्याला वेळेत मिळाली तरच पुढचा माणूस कळवेल. अंडे आणि मांस नीट शिजवून खाल्ले तर या विषाणूचा धोका नाही. कच्चे अंडे दुधात फेटून पैलवानासारखे पिण्याची हौस मात्र, गावरान असो वा पांढरे, सोडलेली बरी. साल्मोनेला नावाचा जंतू कोंबडीचा पत्ता विचारत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी आणि अंगणवाडीसाठी गावातल्याच बचतगटाकडून अंडी घ्यायची, दर पाच नव्हे तर दहा-बारा रुपये धरायचा आणि तो पोषण आहाराच्या निधीतूनच द्यायचा, असे ठरले तर बाजारात बसणाऱ्या त्या बाईचे गिऱ्हाईक गावातच तयार होईल. पन्नास मुलांच्या शाळेला आठवड्याला पन्नास अंडी लागतात. सुधारित जातीच्या पंधरा-वीस कोंबड्या एवढी अंडी आरामात देतात. म्हणजे दोन-तीन घरांचे काम. मोठ्या शाळांना आणि शहरी भागाला हे पुरणार नाही, तिथे पिंजऱ्यातलेच अंडे अजून बरीच वर्षे राहील. त्या पिंजऱ्यांबाबत सरकारने किमान एवढे करावे की नवे पिंजरे अरुंद मापाचे लागू नयेत, जुन्यांना मुदत द्यावी आणि दहा ते पन्नास रुपयांच्या दंडाचा आकडा बदलावा.

तूर्त शाळांपुढे आदेश आहे तो लोकसहभागाचा. तो आला जानेवारीत. सेनगाव-कळमनुरीकडच्या अनेक वस्त्यांवर जानेवारीत कुलपे असतात. माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला गेलेली असतात, काही जण कोंबड्याही डालग्यात घालून ट्रॉलीवर सोबत नेतात. मागे आजीजवळ राहिलेली मुले शाळेत येतात. अंड्यासाठी वर्गणी त्या आजीकडे मागायची.